शोकाचे कालमान : गुरेत्स्की यांच्या तिसऱ्या सिंफनीचा विचार

संगीत भावना व्यक्त करते, की ती केवळ जागृत करते, की या दोहोंपैकी काहीच न घडता श्रोता आपलीच भावना स्वरांवर लादतो, हा वाद फार जुना आहे. एदुआर्ट हान्स्लिक यांनी १८५४ साली संगीताचा आशय म्हणजे गतिमान स्वररूपेच, अशी भूमिका घेतली आणि लौकिक भावनेला संगीताच्या सौंदर्यविचारातून जवळजवळ हद्दपार केले. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी लौकिक भावना व सौंदर्यभावना यांत केलेला भेद आणि संवादलय, विरोधलय व समतोललय या तीन तत्त्वांवर उभारलेली मीमांसा याच दिशेने जाणारी आहे. रसचर्चेची परंपरा मात्र स्थायी भावाला सोडावयास तयार नाही. हे दोन्ही पक्ष सामान्यतः तत्त्वाच्या पातळीवरच झुंजतात. एखादी विवक्षित रचना समोर ठेवून आपापले शस्त्र पारखून पाहण्याचा प्रसंग क्वचित येतो. पोलिश संगीतकार हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की (१९३३–२०१०) यांची तिसरी सिंफनी ही अशा पारखणीसाठी जणू मुद्दाम घडविल्यासारखी रचना आहे. तिचे नावच ‘शोकगीतांची सिंफनी’ असे आहे. म्हणजे भावनेचा दावा रचनाकाराने मुखपृष्ठावरच लिहून ठेवला आहे.

ही सिंफनी १९७६ साली कातोवित्से येथे लिहिली गेली. जर्मनीतील बाडेन-बाडेन येथील नभोवाणी संस्थेने ती मागविली होती, आणि ४ एप्रिल १९७७ रोजी फ्रान्समधील रॉयां येथील महोत्सवात अर्नेस्ट बूर यांच्या संचालनाखाली, स्तेफानिया वोय्तोविच यांच्या सोप्रानो आवाजात, तिचा पहिला प्रयोग झाला. रॉयांचा महोत्सव हा नवसंगीताचा बालेकिल्ला होता आणि गुरेत्स्की हेही त्याच गोटातले मानले जात होते. १९५६ साली सुरू झालेल्या ‘वॉर्सा शरद’ या महोत्सवाने पोलिश संगीताला पश्चिमेकडील नव्या प्रवाहांशी जोडले होते. तेथे १९६० साली सादर झालेल्या ‘स्कोन्त्री’ या वाद्यवृंदरचनेने गुरेत्स्की हे त्या पिढीतील सर्वांत धारदार बंडखोरांपैकी एक ठरले होते. अशा रचनाकाराने साधे स्वरसप्तक, जुनी भक्तिगीते व लोकगीते घेऊन जवळजवळ पाऊण-एक तासाची, आरंभापासून अखेरपर्यंत विलंबित लयीची रचना पुढे ठेवावी, हे श्रोत्यांपैकी अनेकांना पक्षद्रोहासारखे वाटले. लोकगीतांच्या सुरावटी घोळविण्यापलीकडे या कृतीत काहीच नाही, असा प्रतिकूल अभिप्राय त्या वेळी व्यक्त झाला. हा अभिप्राय रागाच्या भरातला असला तरी तो टाकाऊ नाही. त्यात एक खरा प्रश्न आहे : तिन्ही खंड ‘लेंतो’ म्हणजे संथ असतील, आणि विरोध हे रचनेचे आवश्यक अंग असेल, तर या सिंफनीतला विरोध कोठे शोधावयाचा?

त्याचे उत्तर पहिल्या खंडात आहे. किंबहुना संपूर्ण कृतीचा न्याय या खंडावरच व्हावयास हवा, कारण सुमारे चोपन्न मिनिटांच्या सिंफनीतील निम्मा काळ त्यानेच व्यापलेला आहे.

खंडाचा आरंभ डबल बास या वाद्यांच्या अगदी खालच्या, कानाला जेमतेम कळणाऱ्या स्वरांतून होतो. सुरावट चोवीस बारांची, म्हणजे चोवीस मात्राखंडांची आहे. तिचे मूळ पोलंडमधील जुन्या धार्मिक गीतपरंपरेत आहे आणि तिच्यात कोठेही उडी नाही. ती पायरीपायरीने चढते व तशीच उतरते. एक आवर्तन पुरे झाले की पहिला आवाज ते पुन्हा आरंभतो आणि एका बाराच्या अंतराने दुसरा आवाज तीच सुरावट त्याच्या मागून, वरच्या पाचव्या स्वरापासून सुरू करतो. मग तिसरा, मग चौथा. ज्याला युरोपीय संगीतात ‘कॅनन’ म्हणतात त्या अनुकरणबंधाचे हे रूप आहे. तंतुवाद्यांचे असे आठ आवाज एकामागून एक उभे राहतात. जो येतो तो थांबत नाही, फिरतच राहतो. परिणामी आरंभी एका रेषेसारखी असलेली सुरावट हळूहळू वस्त्रासारखी विणली जाते आणि शेवटी तिचा एक प्रचंड, दाट, हलणारा पडदा होतो.

या ठिकाणी भारतीय संगीताच्या अभ्यासकाला एक गोष्ट सहज दिसेल. प्रत्येक नवा आवाज पाचव्या स्वरापासून सुरू होतो, पण नवे कोमल वा तीव्र स्वर आणीत नाही. मूळ सात स्वरांतच फिरतो. म्हणजे ही मूर्च्छनेची प्रक्रिया आहे. पहिल्या आवाजाची स्वरांतरे आपल्याकडील आसावरी थाटाशी जुळतात. त्याच्या पाचव्या स्वराला षड्ज मानले की दुसरा आवाज भैरवी थाटाचा होतो. तिसऱ्याला शुद्ध पंचमच लाभत नाही, त्यामुळे भातखंडे यांच्या दहा थाटांत त्याला जागा नाही. चौथा कल्याण, पाचवा बिलावल, सहावा खमाज, सातवा काफी. आणि आठवा पुन्हा आसावरी, पण मूळ स्थानापासून अनेक सप्तके वर. आठच आवाज का, याचे गणित येथे उलगडते : वर्तुळ तेथे पुरे होते.

अर्थात या साम्यावर अधिक भार टाकणे योग्य होणार नाही. थाट म्हणजे राग नव्हे, आणि ऐकताना हे सात थाट वेगवेगळे प्रतीत होतही नाहीत. ते का होत नाहीत, हेच महत्त्वाचे आहे. मूर्च्छनेत षड्ज सरकतो आणि त्याबरोबर सगळे स्वरविश्व कूस बदलते. येथे तळाशी डबल बास मूळ षड्ज सोडावयास तयार नाहीत. वरचा प्रत्येक आवाज आपला स्वतंत्र षड्ज प्रस्थापित करू पाहतो आणि खालचा आधार त्याला ते करू देत नाही. सुरावट एकच, ती पाहण्याची स्थाने सात, आणि जमीन मात्र हलत नाही. या ताणातून जे निर्माण होते त्याला आनंद व दुःख यांचे मिश्रण म्हणता येणार नाही. एकाच दुःखाला सर्व बाजूंनी वेढा घालण्याची ही क्रिया आहे. विरोध येथे लयीत नाही, तो घनतेत आणि स्वरस्थानात आहे. मर्ढेकरांची परिभाषाच वापरावयाची तर विरोधलय क्रमाने न येता एकाच वेळी, उभ्या रेषेत साधलेली आहे.

विलंबित ख्यालाची सवय असलेल्या श्रोत्याला या संथपणाचे वावडे वाटण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. परंतु हे साम्य फसवे आहे. ख्यालगायनातील विलंबित हे पुढे येणाऱ्या द्रुताचे आश्वासन असते. बडा ख्याल ऐकताना लय वाढणार आहे हे श्रोत्याला मनोमन ठाऊक असते, आणि त्या अपेक्षेवर गायक आपली मांडणी उभी करतो. गुरेत्स्की हे आश्वासनच देत नाहीत. लय कधीही वाढणार नाही, हे श्रोत्याला सात-आठ मिनिटांनंतर उमगते, आणि तेव्हापासून त्याचे ऐकणे बदलते. पुढे काय होणार याकडचे लक्ष सुटते व आता काय चालले आहे याकडे ते वळते. शोकाचे लौकिक स्वरूपही असेच नाही काय? ज्याचे कोणी गेले आहे त्याच्या दिवसांना पुढे सरकण्याची दिशा नसते. या रचनेने शोकाचे चित्र काढलेले नाही, रडण्याचा आवाज अनुकरलेला नाही; शोकात काळ जसा वागतो तसा काळ तिने स्वरांत घडविला आहे. सूझन लँगर यांनी संगीताला भावनेच्या आकृतिबंधाचे प्रतीक म्हटले, त्याचे याहून नेमके उदाहरण शोधणे कठीण आहे.

आठही आवाज पूर्ण उंचीला पोचल्यावर पडदा हळूहळू आवरला जातो आणि शेवटी एकच स्वर उरतो. सुमारे तेरा मिनिटे निव्वळ वाद्ये ऐकल्यानंतर त्या एका स्वरावर सोप्रानोचा आवाज उमटतो. शब्द पंधराव्या शतकातील एका मठात जतन झालेल्या विलापिकेचे आहेत : क्रूसाखाली उभी असलेली मेरी मुलाला विनविते की, आपल्या जखमा आईबरोबर वाटून घे. गाणे लहान आहे. ते अत्युच्च बिंदूला पोचते त्या क्षणी तंतुवाद्यांचा कॅनन पूर्ण आठ आवाजांनिशी पुन्हा कोसळतो, आणि मग जसा उभारला गेला तसाच, एकेक आवाज गळत, पुन्हा डबल बासच्या तळाशी जाऊन विरतो. गाणे मध्यभागी आहे, पण शोक शब्दांनी सुरू झालेला नाही व शब्दांबरोबर संपलेलाही नाही. मेरीच्या ओठांवर शब्द येण्यापूर्वीच श्रोत्याने तिचा काळ भोगलेला असतो. साधारणीकरणाची जी प्रक्रिया भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी नाट्याच्या संदर्भात सांगितली, ती येथे विभावांच्या आधी स्वरांनीच उरकून घेतली आहे. विभाव मागाहून येतो. ही उलटापालट संस्कृत काव्यशास्त्राच्या क्रमात बसत नाही. पण बसत नाही म्हणून ती दुर्लक्षिता येणार नाही.

शब्द आणि स्वर यांच्या या नात्याचा विचार करताना गुरेत्स्की यांचेच समवयस्क, १९३३ साली जन्मलेले, क्शिश्तोफ पेंदेरेत्स्की यांची बावन्न तंतुवाद्यांसाठी लिहिलेली १९६० मधील रचना आठवते. हिरोशिमातील बळींसाठी विलापिका म्हणून ती जगभर ओळखली जाते. परंतु तिचे मूळ नाव केवळ तिच्या कालावधीचे, म्हणजे ‘आठ मिनिटे सदतीस सेकंद’ असे होते. विलापिका हे नाव मागाहून आले. त्या रचनेतील किंचाळणारे स्वरपुंज नावाशिवाय ऐकले तर ते भीतीचे वाटतील, यंत्राचे वाटतील, कदाचित केवळ ध्वनीच्या नव्या शक्यतांचे वाटतील. नावाने त्यांना शोक दिला. हे पेंदेरेत्स्की यांचे न्यून आहे असे नव्हे. परंतु भावना बाहेरून कशी चिकटविता येते याचे ते उत्तम उदाहरण आहे. गुरेत्स्की यांच्या पहिल्या खंडाला असे दुसरे नाव देता येणार नाही. त्याला उत्सवाचे नाव देऊन पाहावे. ते टिकणार नाही.

दुसऱ्या खंडाविषयी हे इतक्या निःशंकपणे म्हणता येत नाही. हा सर्वांत आखूड खंड, सुमारे नऊ मिनिटांचा, आणि सर्वांत लोकप्रियही. त्याचे शब्द झाकोपाने येथील गेस्टापोच्या तुरुंगात एका कोठडीच्या भिंतीवर सापडले. ते १९४४ च्या सप्टेंबरात तेथे डांबलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले आहेत. ती आईला रडू नको म्हणते आणि स्वर्गाच्या राणीची करुणा भाकते. शिवाय तिचे नाव, वय व कोठडीचा क्रमांकही भिंतीवर आहे. तेथे ना सूडाची भाषा आहे, ना निर्दोषत्वाचा पुकारा. गुरेत्स्की यांना हीच गोष्ट विलक्षण वाटली होती.

येथे एक आक्षेप उद्भवतो व तो गंभीर आहे. असा मजकूर समोर असताना संगीताला करावयाचे काय उरते? कोणतीही बरी सुरावट या शब्दांना लावली तरी ऐकणाऱ्याचा कंठ दाटून येईल. मग त्याचे श्रेय रचनाकाराला द्यावयाचे की इतिहासाला? एका खऱ्या मुलीच्या खऱ्या यातनेवर कलाकृतीने आपले वजन उसने घ्यावे काय? लौकिक शोक आणि करुण रस यांतील जे अंतर आपल्या परंपरेने इतक्या काळजीने राखले, ते येथे पुसले जाण्याचा धोका आहे.

खंडाची बांधणी पाहता रचनाकाराला या धोक्याची जाणीव होती असे मानावयास जागा आहे. आरंभीची स्वरसंहती डोंगरी लोकसंगीतातल्या आधारस्वरांसारखी मोकळी व उजळ आहे. तिच्यावर तीनच स्वरांची एक छोटी, जवळजवळ अंगाईसारखी सुरावट हेलकावे घेते. मग एकाएकी तळाशी दोन काळोखे, त्या सप्तकाला परके असे स्वर येतात आणि जमीन खचल्यासारखी होते. प्रकाश आणि खोल खड्डा, एवढेच. यातना रंगविणारा एकही विसंवादी स्वरपुंज नाही, ढोल नाहीत, किंकाळी नाही. संपूर्ण सिंफनीतच ओबो व ट्रंपेट नाहीत आणि तालवाद्येही नाहीत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. टोचणारा, चमकणारा ध्वनिरंग रचनाकाराने आधीच वगळून टाकला आहे. अखेरीस गायिका पोलिश भाषेतील मेरीप्रार्थनेचे आरंभीचे शब्द एकाच स्वरावर, पाठ म्हटल्यासारखे उच्चारते, आणि तंतुवाद्ये आपली संहती क्षीण न करता दीर्घकाळ धरून राहतात. संयम निःसंशय मोठा आहे. तरीही संयम ही नीती झाली, रचना नव्हे. पहिल्या खंडात शोक स्वरांच्या अंगभूत व्यवस्थेतून उद्भवतो. दुसऱ्यात तो मजकुरातून येतो आणि स्वर त्याचा भंग होऊ देत नाहीत, एवढेच. हा फरक मान्य केला म्हणजे दुसरा खंड हीन ठरतो असे नाही, पण त्याला या कृतीचे शिखर म्हणण्याची प्रथा पुन्हा तपासली पाहिजे.

तिसरा खंड लोकगीतावर आहे. ओपोले परिसरातील बोलीतले हे गीत. त्यातील आई उठावात मारल्या गेलेल्या मुलाला शोधते आहे. हा उठाव बहुधा १९१९ ते १९२१ च्या काळातील सायलेशियन उठावांपैकी असावा. तिला प्रेत सापडत नाही. मारणाऱ्यांना ती जाब विचारते, आणि अखेर पक्ष्यांना गाण्याची व फुलांना फुलण्याची विनवणी करते, मुलाला स्वस्थ झोप लागावी म्हणून. दोन संहतींचा झोपाळ्यासारखा हेलकावा या खंडाला आधार देतो. त्या संहतींचे मूळ शोपँ यांच्या ‘ए मायनर’ मधील सतराव्या क्रमांकाच्या संचातील चौथ्या माझुर्कामध्ये असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. हा तपशील विद्वत्तेचे भूषण म्हणून नव्हे, तर एका कारणासाठी सांगावयाचा : शोपँ यांच्या माझुर्काचा आरंभ अनिश्चित आहे, त्याचा षड्ज कोणता हे लवकर कळत नाही. गुरेत्स्की ती अनिश्चितताच उचलतात व तिची पुनरुक्ती करतात. ज्या आईला मुलाचे कलेवर मिळालेले नाही तिच्या शोकाला शेवट नाही. तो हेलकावतच राहणार. पुनरुक्तीला येथे आशयाची सनद आहे.

मग ‘ए मेजर’ येतो. पक्ष्यांच्या विनवणीशी स्वर उजळतात आणि सिंफनीच्या अखेरीस ती उजळ संहती पुनःपुन्हा, अनेकवार वाजत राहते. पहिल्या प्रयोगाच्या वेळी काही श्रोत्यांचा संयम सुटला तो येथेच, असे सांगतात. हे सांत्वन स्वस्तातले आहे काय? तसा आरोप करणाऱ्यांनी आईचे शब्द नीट वाचलेले नसावेत. ती स्वतःसाठी काही मागत नाही. तिचा शोक शमला आहे असेही कोठे म्हटलेले नाही. ती मुलाला निजविते आहे. शोकगीत येथे अंगाई झाले आहे, आणि अंगाईत संहती बदलण्याचे प्रयोजन नसते. भवभूतीने करुणाला सर्व रसांचे मूळ मानले; वात्सल्य त्याच मुळातून कसे फुटते याचे उदाहरण संगीतात पाहावयाचे असेल तर ते हे.

तिन्ही गीतांची नाती एका ओळीत मांडली की रचनेचा आणखी एक पैलू दिसतो. पहिल्यात आई मुलाशी बोलते, दुसऱ्यात मुलगी आईशी, तिसऱ्यात पुन्हा आई मुलाशी. मधली एकटीच मरणाच्या बाजूने बोलणारी आहे आणि तीच तेवढी रडू नको म्हणते. आपली ही कृती युद्धाविषयी नाही, असे गुरेत्स्की सांगत आले; तिला राजकीय स्मारक बनविण्यास त्यांचा विरोध होता. त्यांची स्वतःची आई ते दोन वर्षांचे झाले त्याच दिवशी वारली, ही चरित्रातील गोष्ट अनेक टीकाकार या ठिकाणी पुढे करतात. ती हृदयद्रावक आहे, परंतु तिने सिंफनीतील एकाही स्वराचा उलगडा होत नाही. आई लहानपणी गमावलेले संगीतकार पुष्कळ झाले. आठ आवाजांचा तो कॅनन एकानेच लिहिला.

राहता राहिला लोकप्रियतेचा प्रश्न. पंधरा वर्षे ही सिंफनी जाणकारांच्या मर्यादित वर्तुळात राहिली. १९९२ साली डेव्हिड झिनमन यांच्या संचालनाखाली लंडन सिंफोनिएट्टाने वाजविलेली व डॉन अपशॉ यांनी गायिलेली ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. हयात संगीतकाराच्या सिंफनीला असे भाग्य जवळपास अश्रुतपूर्व होते. ब्रिटनमध्ये ती लोकप्रिय अल्बमच्या यादीत सहाव्या स्थानापर्यंत चढली. पुढे २०१४ साली पेंदेरेत्स्की यांच्याच संचालनाखाली वॉर्सा येथे रॉक संगीतातील गायिका बेथ गिबन्स यांनी ती गायिली. एके काळी ज्या रचनेला नवसंगीताने जवळजवळ वाळीत टाकले, तिचे संचालन त्या नवसंगीताच्या अग्रणीने करावे, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा. या यशामुळे सिंफनीकडे संशयाने पाहणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. गंभीर कृती इतक्यांना रुचते म्हणजे तिच्यात काही तरी गुळचटपणा असला पाहिजे, हा त्यांचा तर्क होय. हा तर्क लंगडा आहे. पण ती रुचते कशी, हे पाहण्यात मात्र अर्थ आहे. नभोवाणीवर बहुतेक वेळा दुसरा खंडच, तोही सुटा, लावला जात असे. असा सुटा ऐकलेला खंड मन शांत करणारा, घरात पार्श्वभूमीला चालणारा वाटतो, यात नवल नाही. पहिल्या खंडाची सत्तावीस मिनिटे ज्याने सोसली आहेत त्याला ती उजळ संहती प्रकाशाइतकीच धोक्याची वाटते, कारण तळाशी काय आहे हे त्याच्या कानाला ठाऊक झालेले असते. ज्याने ती सोसलेली नाहीत त्याला दोन काळोख्या स्वरांचा खड्डा केवळ छायेसारखा भासतो. तुरुंगाच्या भिंतीवरचे शब्द त्याला कळतात, पण ज्या काळात ते लिहिले गेले तो काळ त्याला भोगावा लागत नाही.